वृद्धाश्रमात हेळसांड होतेय का: ओळखायचं कसं, सिद्ध करायचं कसं

माझ्या आत्याच्या उजव्या टाचेला पट्टी होती. विचारलं तर वृद्धाश्रमातल्या मदतनीस मावशी म्हणाल्या, "चालताना चप्पल लागली." आत्या आठ महिने पलंगावरून उतरली नव्हती. पट्टी सोडली तर टाचेवर नाण्याएवढा काळा डाग, कडा मऊ पडलेल्या आणि वास. एकाच जागी दाब पडून झालेली जखम होती ती. बेडसोर.

त्यानंतर मला सगळ्यात जास्त नडलं ते माझं स्वतःचं रिकामं दप्तर. कोकणकन्येने रात्रभर प्रवास करून मी सात महिन्यांत तीनदा तिला भेटले होते. दर वेळी खाऊ नेला, गप्पा मारल्या, सेल्फी काढला. तिच्या पायांचा एकही फोटो नव्हता. वजन किती, हे एकदाही विचारलं नव्हतं. फीच्या पावत्या सोडल्या तर हातात कागद नव्हता. संस्थेने सांगितलं, "जखम इथे येतानाच होती." हे खरं नाही हे मला माहीत होतं, पण दाखवायला काही नव्हतं.

कोकणात आता घरटी कोणी ना कोणी मुंबई-पुण्यात आहे. गावचं घर बंद, म्हातारं माणूस रत्नागिरी, सिंधुदुर्ग नाहीतर रायगडातल्या एखाद्या वृद्धाश्रमात, आणि भेट होते गणपतीत, शिमग्यात, मे महिन्यात. दोन भेटींमधल्या त्या लांब खंडात काय झालं ते कळावं आणि दाखवताही यावं, यासाठी हे लिहिते आहे.

जागा कागदावर काय आहे?

आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हणजे छोटं खाजगी रुग्णालय. त्याची नोंदणी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खाली होते आणि त्यावर आरोग्य विभागाची देखरेख असते. वृद्धाश्रम ही वेगळी गोष्ट आहे. तो बहुधा सार्वजनिक न्यास असतो, म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला. काही वृद्धाश्रमांना समाजकल्याण विभागाचं अनुदान असतं. तिसरा प्रकार हल्ली वाढलाय: बंगला भाड्याने घेऊन चालवलेलं 'केअर सेंटर', ज्याच्या पावतीवर नोंदणी क्रमांकच नसतो.

हे आधी कळायला हवं, कारण तक्रार कुठल्या दारात न्यायची ते यावरून ठरतं. पावतीच्या माथ्यावर आणि कार्यालयाच्या भिंतीवर नोंदणी क्रमांक शोधा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. क्रमांक नसेल तर "तुमची नोंदणी कुठली?" असं लेखी विचारा. व्हॉट्सॲपवर विचारलं तरी चालेल.

पहिल्या दिवशीची नोंद

माणूस ठेवतानाच हे करा. आधीच ठेवलं असेल तर पुढच्या भेटीत करा, तो तुमचा पहिला दिवस समजा. वजन करून तारखेसह लिहा. टाचा, माकडहाड, कुल्हे, खांद्याची हाडं, डोक्याचा मागचा भाग यांचे फोटो काढा. माणसाला विचारून, अंगावर चादर ठेवून, लागेल तेवढाच भाग उघडा. कवळी, चष्मा, कानाचं यंत्र, अंगावरचे दागिने, बँकेचं पुस्तक आणि एटीएम कार्ड कोणाकडे आहे, याची यादी करून तिच्यावर व्यवस्थापकाची सही घ्या. डॉक्टरांच्या ताज्या चिठ्ठीची प्रत एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे. रात्रीच्या पाळीला किती माणसं असतात ते विचारा आणि उत्तर लिहून घ्या. कोणी म्हणेल, इतका अविश्वास कशाला? चांगली संस्था याला कधी नाही म्हणत नाही. येताना जखम नव्हती हा कागद त्यांच्याही कामाचा असतो.

शरीर काय सांगतं

दाबाच्या जखमेपासून सुरुवात करते, कारण तिथे फसवणूक सगळ्यात सोपी असते. पहिल्या पायरीला कातडी लाल होते आणि बोटाने दाबली तरी पांढरी पडत नाही. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, म्हणून हात लावून बघा. ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा पिचपिचीत लागते. दुसऱ्या पायरीला कातडी फुटते, तिसऱ्या पायरीला आतली चरबी दिसते, चौथ्या पायरीला स्नायू किंवा हाड. पडून असलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते आणि त्याची नोंद ठेवण्याची पद्धत आहे. तो तक्ता मागा. चोवीस तासांच्या सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हाताने, एका दमात लिहिलेल्या दिसल्या तर त्याचाही फोटो घ्या.

हवेची गादी लावलीय म्हणून निश्चिंत राहू नका. ती विजेवर चालते. जूनच्या पहिल्या वादळी पावसात लाईट जाते ती कधी कधी दुसऱ्या दिवशी येते, आणि तेवढ्या वेळात गादी बसते. इन्व्हर्टरवर ती जोडली आहे का ते स्वतः बघा. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर रायगड आणि दापोली-मंडणगडच्या गावांनी कितीतरी दिवस अंधारात काढले, हे आपण विसरलेलो नाही.

प्रत्येक जखम हेळसांडीचीच असते असंही नाही. अखेरच्या दिवसांत, रक्ताभिसरण मंदावलेलं असताना, नीट काळजी घेऊनही कातडी फुटते. फरक कळतो तो पुढच्या वागण्यातून. जखम कोणी पाहिली, डॉक्टरांना कधी कळवलं, घरच्यांना कधी कळवलं? आत्याच्या बाबतीत तिन्हींचं उत्तर "कोणी नाही" असं होतं.

काळे-निळे डाग. म्हाताऱ्या माणसाच्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, नुसत्या धक्क्यानेही जांभळे डाग उठतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. पण दंडाच्या आतल्या बाजूला, मांडीच्या आत, कानावर, मानेवर, पाठीवर डाग असतील तर नीट विचारपूस करा. दोन्ही दंडांवर बोटांच्या खुणा म्हणजे कोणीतरी घट्ट धरलेलं असतं. मनगटावर, घोट्यावर वळ म्हणजे बांधलेलं असू शकतं. डागाच्या रंगावरून "हा चार दिवसांचा" असं ठरवता येत नाही. तेवढं डॉक्टरांवर सोडा.

डोकं आपटल्यावर आतला रक्तस्राव कधी कधी काही आठवड्यांनी दिसू लागतो: चाल बिघडते, झोप वाढते, बोलणं अडखळतं. पावसाळ्यात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, मोरीत पाय सरकतो. पडणं होऊ शकतं. पडलेलं लपवणं मात्र चूक आहे.

वजन. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के उतरलं तर ते गंभीर मानतात. म्हणजे ५० किलोचं माणूस महिन्याभरात ४७.५ वर आलं की डॉक्टर हवेत. कारण कधी कधी अगदी साधं सापडतं. कवळी हरवलेली असते आणि ताटात भाकरी येत असते. ताट समोर ठेवलं आणि अर्ध्या तासाने उचललं, म्हणजे जेवण दिलं असं होत नाही. पेज कोणी भरवली का, किती गेली, हे विचारा. जीभ कोरडी, लघवी गडद, ओठ फुटलेले, ही पाणी कमी पडल्याची चिन्हं. एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या विहिरी तळ गाठतात, टँकर येतात, आणि आंघोळ, कपडे, डायपर बदलणं यावर पहिली काट बसते. त्या दिवसांत जांघा आणि काखा बघा. श्रावणात उलटं होतं: पंचे आणि चादरी वाळत नाहीत, दमट कपडे अंगावर राहतात, गजकर्ण धरतं. बोटांच्या बेचक्यांत पुरळ आणि रात्री खाज असेल तर खरूज असू शकते, आणि ती एकाला झाली तर शेजारच्या पलंगावरही बघायला हवं.

गुंगी. आतापर्यंत बोलणारं माणूस दुपारी बारा वाजता तोंड उघडं टाकून झोपलंय, लाळ गळतेय, हातपाय ताठरलेत, तर गोळ्यांची चिठ्ठी मागा. झोपेच्या आणि मन शांत करण्याच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. कोणती गोळी, किती, कोणी लिहून दिली, कधीपासून? रात्री एकच मावशी वीस जणांना सांभाळत असेल तर सगळ्यांना झोपवून टाकणं हा तिचा सोपा मार्ग होतो. दोष मात्र तिला एकटीला रात्र काढायला लावणाऱ्याचा आहे, आणि तक्रारीतही तो तसाच लिहावा असं मला मनापासून वाटतं. नाहीतर मावशीला काढून टाकतात आणि पलंग, पाळ्या, गोळ्या सगळं होतं तसंच राहतं.

अचानक भ्रम झाला तर तो मूत्रमार्गाच्या संसर्गानेही असतो, म्हणून आधी तपासणी. स्मृतिभ्रंशाच्या माणसाचं "माझे पैसे चोरले" हे वाक्य आजाराचा भागही असू शकतं आणि खरंही. बँकेचं पुस्तक भरून आणा, पाच मिनिटांत उलगडा होतो.

आणि बोलणं. कोणी खोलीत आलं की माणूस गप्प होतं का? हात उचलला की दचकतं का? आत्या मला पहिल्याच भेटीत म्हणाली होती, "माका हयसर रवाचा नाय गो." नव्या जागी सगळेच असं म्हणतात, असं मी स्वतःला समजावलं. तेव्हा "का?" एवढं विचारायला हवं होतं.

भेट कशी द्यायची

वेळ बदला. नेहमी दुपारी जात असाल तर एकदा सकाळी सातला जा, एकदा संध्याकाळच्या जेवणाला. गणपतीत सगळेच घरी जातात, मावश्यासुद्धा, म्हणून सणाच्या दिवसांत पाळीवर कोण होतं ते मुद्दाम विचारा. मुंबईहून दर महिन्याला जाणं जमत नसेल तर गावातलं एक माणूस ठरवा. भावकीतलं, शाळामित्र, कोणीही. त्याचं नाव भेटीच्या यादीत लेखी घाला आणि येण्याजाण्याचा खर्च द्या, नुसत्या ओळखीवर कोणी वर्षभर जात नाही. व्हिडिओ कॉलवर कॅमेरा पायांकडे, पाठीकडे न्यायला सांगा. फोन धरणारी व्यक्ती तिथलीच असेल तर तुमचं माणूस मोकळं बोलणार नाही, हे धरून चला.

पुरावा गोळा करताना

एक वही ठेवा, पानं शिवलेली, सुटी नकोत. भेटीच्या त्याच दिवशी लिहा. दिसलं ते लिहा, मत लिहू नका. "काळजी घेत नाहीत" याला काही किंमत नाही. असं लिहा:

"१४ जुलै, दुपारी ३.४०. डायपर पूर्ण ओला, चादर ओली, जुना वास. पाण्याचा तांब्या हात पोचणार नाही इतक्या लांब, खिडकीत. पाळीवरच्या मावशींना ३.५० ला सांगितलं. ४.३५ ला बदललं. आई म्हणाली, 'सकाळपासून कोणी आलं नाही.' सोबत शेजारचे काका होते."

आईचे शब्द तिच्याच बोलीत लिहा, प्रमाण मराठीत सुधारू नका.

फोटो तीन काढा. एक लांबून, खोली आणि माणूस ओळखू येईल असा. एक मध्यम. एक जवळून, शेजारी फूटपट्टी किंवा नाणं ठेवून. दिवसाउजेडी, फिल्टरशिवाय. दोन दिवसांनी पुन्हा काढा, कारण जखम वाढते की भरते तेही सांगावं लागतं. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो दबतो आणि त्याची मूळ माहिती निघून जाते. पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मूळ फाईल त्याच फोनमध्ये राहू द्या आणि तो फोन विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचा एक भाग फोन ज्याच्या ताब्यात त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. वकील ते करून देतात, मूळ फाईल मात्र तुमच्याकडेच हवी.

सामायिक खोलीत लपवलेला कॅमेरा लावू नका. तिथे दुसऱ्या बायका कपडे बदलतात. तुमची तक्रार राहील बाजूला आणि गुन्हा तुमच्यावर येईल. इतर रहिवाशांचे चेहरेही टिपू नका. पण शेजारच्या पलंगावरच्या आजींनी काही पाहिलं असेल तर त्यांच्या घरच्यांना फोन करा. दोन घरांच्या वह्यांत एकाच रात्रीची एकच गोष्ट निघाली की संस्थेला "तुमचाच गैरसमज" म्हणता येत नाही.

कागद लेखी मागा: औषधांचा तक्ता, अपघात नोंदवही, कूस बदलल्याचा तक्ता, वजनाच्या नोंदी. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मागणी केल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय नोंदी द्यायच्या असतात, असं वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे. नाही दिल्या तर तुमचं मागणीपत्र हाच पुरावा. म्हणून ते पोच घेऊन द्या किंवा स्पीड पोस्टाने पाठवा.

जिवाला धोका असेल तर

वही, फोटो, पत्रं सगळं नंतर. शुद्ध हरपतेय, ताप आणि जखमेला वास, हाड मोडल्यासारखं वाटतंय, पाणीसुद्धा गिळवत नाही, तर १०८ ला फोन करा. मारहाण चालू असेल किंवा भेटू देत नसतील तर ११२. जिल्हा रुग्णालय किंवा जवळचं उपजिल्हा रुग्णालय गाठा आणि तिथे स्पष्ट सांगा, "ही केस मेडिकोलीगल म्हणून नोंदवा," म्हणजे पोलिसांनाही कळवलं जाईल अशी. डॉक्टरांनी जखमांची लांबी, रुंदी, जागा लिहिलेला दाखला तुमच्या शंभर फोटोंपेक्षा जड असतो. अंगावरचे कपडे धुऊ नका. कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये आपल्या हवेत बुरशी धरते. आणि तिथे कारण सांगताना "पडली असेल" असं स्वतःहून बोलू नका. केसपेपरवर लिहिलेलं तेच पुढे तुमच्यासमोर ठेवलं जातं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा.

कुठल्या दारात जायचं

आधी संस्थेला लेखी पत्र द्या, जिवाला धोका नसेल तर. "अमुक तारखेला मी पुढील गोष्टी पाहिल्या. सात दिवसांत डॉक्टरांची तपासणी, कूस बदलण्याचा तक्ता आणि पाळीची माणसं याबद्दल लेखी उत्तर द्यावं." एवढं पुरे. रागाचं एक वाक्यही घालू नका.

ज्येष्ठांसाठीची हेल्पलाईन १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ. फोनची तारीख आणि मिळालेला तक्रार क्रमांक वहीत लिहा.

न्यास असेल तर जिल्ह्यातल्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करा. विश्वस्तांना जाब विचारण्याचा अधिकार त्यांना आहे. अनुदानित असेल तर समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जा आणि सोबत माहिती अधिकारात तपासणी अहवाल मागा. शुल्क दहा रुपये, अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. रुग्णालय असेल तर आरोग्य विभाग.

प्रांतांकडच्या (उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या) न्यायाधिकरणाबद्दल खूप गैरसमज आहे. ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा मुख्यतः मुलांनी आणि वारसांनी आईवडिलांना सांभाळावं यासाठी आहे, निर्वाहखर्च तिथे मिळतो. वृद्धाश्रमाच्या निष्काळजीपणाची भरपाई तिथे मागू नका, महिने जातील. मात्र जिल्ह्यातल्या ज्येष्ठांच्या जीविताचं आणि मालमत्तेचं रक्षण ही बाब त्याच कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत नेली आहे, म्हणून तक्रारीची एक प्रत त्यांच्याकडे जाऊ द्या.

पोलीस. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. साधी दुखापत अदखलपात्र, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत, तिची फक्त एन.सी. (अदखलपात्र नोंद) होते. हाड मोडलं, सांधा निखळला किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना राहिल्या तर ती गंभीर दुखापत, आणि तिथे एफआयआर व्हायला हवा. म्हणून एक्स-रे महत्त्वाचा. पैसे, दागिने गेले असतील तर ते वेगळं, स्पष्ट लिहा. कलम ३५७ फार थोड्यांना ठाऊक आहे: आजाराने किंवा अशक्तपणाने असहाय झालेल्या माणसाची देखभाल करण्याचा करार करून जाणूनबुजून ती न करणं, याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. शिक्षा छोटी आहे, आणि बहुधा दंडाधिकाऱ्यांकडूनच हलवावं लागतं. पण 'कराराप्रमाणे केलं नाही' हे तिथे थेट येतं, म्हणून फीचा करार जपून ठेवा. गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, डोंबिवलीतून कणकवलीचाही. एफआयआर घ्यायला नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी, मग दंडाधिकारी. साठीवरच्या पुरुषाला आणि कुठल्याही वयाच्या स्त्रीला साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी राहत्या जागी यायचं असतं.

"त्यांना आठवत नाही, त्यांची साक्ष कोण घेणार?" हे तुम्हाला ऐकवलं जाईल. फार वय झालं म्हणून कोणी आपोआप बाद होत नाही. प्रश्न समजतो का आणि समंजस उत्तर देता येतं का, हे न्यायालय ठरवतं. सकाळी, झोप झाल्यावर, कानाचं यंत्र लावून, एका वेळी एक प्रश्न विचारा. उत्तर त्यांच्या तोंडात घालू नका.

भरपाईसाठी ग्राहक आयोग. फी भरून घेतलेली सेवा असेल तरच. घटनेपासून दोन वर्षांत, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, स्त्रियांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्यांचा क्रमांक १५१००.

आणि माणूस हलवताना एक जपा. डिपॉझिट परत देताना समोर एक छापील कागद ठेवतात, तळाशी ओळ असते: "आमची कोणतीही तक्रार नाही." गाडी दारात उभी असते, आजारी माणूस मागच्या सीटवर असतं, आणि आपण सही करून टाकतो. मी केली होती. ती ओळ पेनाने खोडा, बाजूला "तक्रारीचा हक्क राखून रक्कम स्वीकारली" असं लिहा, तारीख आणि वेळ घाला, मग सही करा. कागदाचा फोटो काढल्याशिवाय तो परत देऊ नका.